गुस्ताव हाइनेमान : वकील, मंत्री आणि राष्ट्राध्यक्ष – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीत वकिली करून राजकारणात आलेल्यांची परंपरा मोठी आहे. कोनराड आडेनाउअर, गेर्हार्ड श्र्योडर आणि ओलाफ शोल्त्स हे तिन्ही चान्सलर मूळचे वकील होते. त्यांच्या मानाने गुस्ताव हाइनेमान हे नाव मराठी वाचकांच्या कानावर क्वचितच पडते. परंतु कायद्याच्या शिक्षणाने माणसाची राजकीय वृत्ती कशी घडते, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी आधी हाइनेमान वाचावेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

हाइनेमान कोण होते, हे थोडक्यात सांगता येईल का?

गुस्ताव वाल्टर हाइनेमान यांचा जन्म २३ जुलै १८९९ रोजी वेस्टफालियातील श्वेल्म या गावी झाला आणि मृत्यू ७ जुलै १९७६ रोजी एसेन येथे झाला. एका पोलाद व खाण कंपनीचे कायदा सल्लागार आणि पुढे संचालक, एसेनचे महापौर, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याचे न्यायमंत्री, आडेनाउअर यांच्या पहिल्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री, एका अल्पजीवी पक्षाचे संस्थापक, राजकीय खटल्यांतील बचावाचे वकील, संघराज्याचे न्यायमंत्री आणि अखेरीस १९६९ ते १९७४ या काळात पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष, असा त्यांचा प्रवास आहे. या यादीतील मधले दोन टप्पे वाचकांच्या नजरेतून सहसा निसटतात. देशाचे गृहमंत्रिपद सोडून ते वकिलीच्या व्यवसायात परतले आणि पुढची सोळा वर्षे त्यांच्याकडे कोणतेही मंत्रिपद नव्हते.

त्यांचे घर आणि शिक्षण कसे होते?

वडील ओटो हाइनेमान एसेनच्या सुप्रसिद्ध क्रुप कारखान्यात नोकरीला होते. आईच्या माहेरी १८४८-४९ च्या लोकशाहीवादी क्रांतीच्या आठवणी अभिमानाने जपल्या जात असत आणि त्या फसलेल्या क्रांतीचे आकर्षण हाइनेमान यांना जन्मभर राहिले. पहिल्या महायुद्धात ते थोडा काळ सैन्यात होते. हृदयाच्या आजारामुळे त्यांना आघाडीवर जावे लागले नाही. त्यानंतर म्युन्स्टर, मारबुर्ग, म्युनिक, ग्योटिंगेन आणि बर्लिन येथे त्यांनी कायदा, अर्थशास्त्र व इतिहास यांचे शिक्षण घेतले. १९२० मध्ये म्युनिकला ते हिटलरच्या एका सभेला गेले असता त्यांनी मध्येच आक्षेपाचे उद्गार काढले, तेव्हा त्यांना सभेबाहेर काढण्यात आले. त्या वेळी हिटलरला म्युनिकबाहेर फारसे कोणी ओळखतही नव्हते. १९२२ मध्ये राज्यशास्त्र-अर्थशास्त्रातील आणि १९२९ मध्ये कायद्यातील, अशा दोन डॉक्टरेट त्यांनी मिळवल्या.

ते न्यायालयात उभे राहणारे वकील होते की कंपनीचे सल्लागार?

दोन्ही, मात्र वेगवेगळ्या काळात. १९२६ मध्ये त्यांनी एसेनमध्ये वकिली सुरू केली आणि त्याच वर्षी हिल्डा ओर्डेमान यांच्याशी विवाह केला. हिल्डा यांनी मारबुर्ग येथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि ज्या श्रद्धेने हाइनेमान यांच्या पुढच्या आयुष्याला दिशा दिली त्या श्रद्धेकडे त्यांना वळवण्यात हिल्डांचा वाटा मोठा होता. १९२८ पासून ते ‘राइनिशे श्टालवेर्के’ या पोलाद व खाण कंपनीचे कायदा सल्लागार झाले आणि १९३६ ते १९४९ या काळात तिचे संचालक होते. १९३३ ते १९३९ या वर्षांत कोलोन विद्यापीठात ते खाणकामाचा कायदा व आर्थिक कायदा हे विषय शिकवीत. म्हणजे नंतर ज्यांच्याविषयी ‘दुर्बलांचे वकील’ असे बोलले गेले, त्या हाइनेमान यांची पहिली वीस-बावीस वर्षे ऱ्हूर खोऱ्यातील बड्या उद्योगाच्या कचेरीत गेली.

नाझी राजवटीत त्यांनी काय केले?

या प्रश्नाचे उत्तर अतिशयोक्ती टाळून द्यायला हवे. हाइनेमान नाझी पक्षात गेले नाहीत. प्रोटेस्टंट चर्च नाझी विचारसरणीच्या दावणीला बांधण्याचा प्रयत्न सुरू झाला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या धर्मबांधवांनी ‘बेकेनेंडे किर्शे’, म्हणजे आपली श्रद्धा उघडपणे कबूल करणारे चर्च, उभे केले. मे १९३४ मध्ये बार्मेन येथे भरलेल्या त्याच्या ऐतिहासिक धर्मसभेला हाइनेमान प्रतिनिधी म्हणून हजर होते. चर्चवर राज्यसत्तेचा हुकूम चालणार नाही, असे तेथील जाहीरनाम्याने ठणकावून सांगितले. या चर्चला त्यांनी कायदेशीर सल्ला दिला आणि त्याची बेकायदा ठरलेली पत्रके एसेनमधील त्यांच्या घराच्या तळघरात छापली जात. १९३६ मध्ये कोळसा उत्पादकांच्या बलाढ्य संघाने त्यांना संचालकपद देऊ केले होते; त्यासाठी चर्चचे काम सोडण्याची अट घातली गेली, तेव्हा त्यांनी ते पद नाकारले.

हे सर्व खरे असले तरी, युद्धासाठी पोलाद आणि कोळसा पुरवणाऱ्या उद्योगातील वरिष्ठ पद त्यांनी सोडले नाही, आणि त्यांचा प्रतिकार मुख्यतः चर्चच्या चौकटीतच राहिला, हेही तितकेच खरे आहे. युद्ध संपल्यावर त्यांनी स्वतःला वीर म्हणून मिरवले नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये जर्मन प्रोटेस्टंट चर्चने श्टुटगार्ट येथे आपल्या अपराधाची जाहीर कबुली दिली. ‘आम्ही अधिक धैर्याने बोललो नाही’ असे मान्य करणाऱ्या त्या निवेदनावर हाइनेमान यांची सही आहे. माझ्या वाचनाप्रमाणे त्यांच्या नंतरच्या प्रत्येक मोठ्या निर्णयामागे या सहीची जाणीव उभी आहे.

राजकारणात ते नेमके केव्हा आले?

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या एसेनमध्ये. तेथे ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन, म्हणजे सीडीयू, या नव्या पक्षाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. १९४६ ते १९४९ ते एसेनचे महापौर होते आणि १९४७-४८ मध्ये कार्ल आर्नोल्ड यांच्या राज्य मंत्रिमंडळात न्यायमंत्री. १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले सरकार बनले, तेव्हा आडेनाउअर यांनी त्यांना गृहमंत्री केले. आडेनाउअर कॅथलिक होते आणि मंत्रिमंडळात वजनदार प्रोटेस्टंट व्यक्ती असणे त्यांना आवश्यक होते. हाइनेमान त्याच वर्षी जर्मन प्रोटेस्टंट चर्चच्या महासभेचे अध्यक्षही झाले होते.

मग अवघ्या एका वर्षात त्यांनी गृहमंत्रिपद का सोडले?

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि पश्चिम जर्मनीने पुन्हा सैन्य उभारावे की नाही, हा प्रश्न अचानक पुढे आला. ऑगस्टच्या अखेरीस आडेनाउअर यांनी अमेरिकी उच्चायुक्त मॅकक्लॉय यांच्याकडे एक टिपण पाठवले. पश्चिम युरोपचे सैन्य उभारले गेले तर त्यात जर्मन तुकड्या देण्याची तयारी त्यात दर्शवली होती. मंत्रिमंडळाने ते टिपण मंजूर केलेले नव्हते. अंतर्गत सुरक्षा हा ज्यांच्या खात्याचा विषय, त्या गृहमंत्र्यांनाही ते पाठवण्यापूर्वी विश्वासात घेतले गेले नव्हते. हाइनेमान यांनी तत्काळ राजीनाम्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये ते पदमुक्त झाले.

या राजीनाम्याला दोन बाजू होत्या आणि त्या एकमेकींत मिसळून चालणार नाही. पहिली बाजू आशयाची. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या हातून शस्त्रे काढून घेतली गेली त्या जर्मनांनी इतक्या घाईने ती पुन्हा उचलू नयेत. तसे केल्यास देशाची फाळणी पक्की होईल आणि पुढचे युद्ध जर्मन भूमीवर जर्मनांमध्येच लढले जाईल, अशी त्यांची भूमिका होती. दुसरी बाजू कार्यपद्धतीची, आणि वकिलाच्या दृष्टीने तीही तेवढीच महत्त्वाची. सामुदायिक निर्णयासाठी असलेले मंत्रिमंडळ बाजूला सारून चान्सलरने एकट्याने असा निर्णय घेणे हे त्यांना हुकूमशाही वळणाचे वाटले. पुनर्शस्त्रीकरणाविषयी इतिहासाने आडेनाउअर यांच्या बाजूने कौल दिला असे कोणी म्हणू शकेल. कार्यपद्धतीविषयीचा हाइनेमान यांचा आक्षेप मात्र मला आजही बिनतोड वाटतो.

त्यांनी स्वतःचा पक्ष काढला होता का? तो का टिकला नाही?

होय. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यांनी हेलेने वेसेल आदी सहकाऱ्यांसह ‘युरोपच्या शांततेसाठी आपत्कालीन समिती’ स्थापन केली. १९५२ मध्ये सीडीयू सोडून त्याच वर्षअखेरीस ‘गेझाम्टडॉइचे फोल्क्सपार्टाय’, म्हणजे अखिल जर्मन लोकपक्ष, काढला. दोन्ही जर्मनी एक व्हाव्यात आणि त्या कोणत्याही लष्करी गटात नसाव्यात, हा त्याचा कार्यक्रम होता. मार्च १९५२ मध्ये स्टालिनने तटस्थ, एकसंध जर्मनीचा प्रस्ताव पाठवला तेव्हा तो फेटाळण्यापूर्वी निदान तपासून तरी पाहावा, असे हाइनेमान सांगत राहिले.

१९५३ च्या निवडणुकीत या पक्षाला सुमारे १.२ टक्के मते मिळाली. संसदेत प्रवेशासाठी पाच टक्के आवश्यक होती. शीतयुद्धाच्या भीतीच्या वातावरणात तटस्थतेचा पुरस्कार करणारा माणूस सहज मॉस्कोचा हस्तक ठरवला जाई. त्यात, पूर्व जर्मनीचा पैसा ज्याच्यामागे होता अशा ‘बुंड डेर डॉइचेन’ या संघटनेशी निवडणुकीत हातमिळवणी करण्याची चूक या पक्षाने केली, आणि विरोधकांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. मे १९५७ मध्ये पक्ष विसर्जित झाला. मतांच्या हिशेबात हा पक्ष नगण्य होता. माणसांच्या हिशेबात नव्हे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले योहानेस राउ आणि केंद्रीय मंत्री झालेले एरहार्ड एपलर हे दोघेही याच पक्षातून घडले.

१९५० च्या दशकात त्यांनी कोणाचे खटले चालवले?

त्यांच्या कारकिर्दीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. राजीनाम्यानंतर त्यांनी एसेनमध्ये पुन्हा वकिली सुरू केली आणि लवकरच डीटर पोसर हे तरुण वकील त्यांचे भागीदार झाले. पोसर पुढे नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाचे न्यायमंत्री व अर्थमंत्री झाले. लष्करी सेवेला सद्सद्विवेकबुद्धीने नकार देणारे तरुण आणि राजकीय गुन्ह्यांचे आरोपी या कचेरीत येऊ लागले.

त्या काळाची पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय या कामाचे महत्त्व कळणार नाही. १९५१ मध्ये पश्चिम जर्मनीने राज्याच्या सुरक्षेविषयी अत्यंत व्यापक फौजदारी तरतुदी केल्या. १९५६ मध्ये संघीय घटनात्मक न्यायालयाने कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली. पूर्व जर्मनीतील एखाद्या संस्थेशी पत्रव्यवहार करणे किंवा तिच्या बैठकीला जाणे एवढ्यावरूनही माणूस तपासाच्या फेऱ्यात सापडत असे. हाइनेमान स्वतः कम्युनिस्ट नव्हते. ते श्रद्धाळू ख्रिस्ती होते. तरीही, ज्या मतांशी आपण सहमत नाही ती बाळगणाऱ्याला न्याय्य खटल्याचा पूर्ण हक्क आहे, हे तत्त्व त्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहून पाळले. कामगार संघटनांचे अर्थतज्ज्ञ व्हिक्टोर आगार्त्स यांच्यावर देशद्रोही संबंधांचा आरोप ठेवला गेला, तेव्हा हाइनेमान आणि पोसर यांनी त्यांचा बचाव केला आणि डिसेंबर १९५७ मध्ये आगार्त्स यांची निर्दोष मुक्तता झाली. दहा वर्षांनी न्यायमंत्री झालेल्या हाइनेमान यांनी याच फौजदारी तरतुदी बदलल्या, त्यामागे आरोपीच्या पिंजऱ्याशेजारी घालवलेल्या या दिवसांचा अनुभव होता.

प्रोटेस्टंट चर्चमधील इतका मोठा पदाधिकारी समाजवादी पक्षात कसा गेला?

स्वतःचा पक्ष विसर्जित करून १९५७ मध्ये ते सोशल डेमोक्रॅटिक पक्षात, म्हणजे एसपीडीमध्ये, दाखल झाले आणि त्याच वर्षी संसदेत निवडून आले. एसपीडी हा धर्मविरोधी पक्ष आहे, ही तेव्हा पुष्कळ मध्यमवर्गीय प्रोटेस्टंट कुटुंबांतील समजूत होती. हाइनेमान यांच्या प्रवेशाने तिला तडा गेला. चर्चमध्ये मात्र त्यांना राजकारणाची किंमत आधीच मोजावी लागली होती. १९५५ मध्ये महासभेच्या अध्यक्षपदी त्यांची फेरनिवड झाली नाही.

२३ जानेवारी १९५८ च्या रात्री बुंडेस्टागमध्ये, म्हणजे जनतेने निवडलेल्या संसदेत, परराष्ट्र धोरणावर चर्चा चालू होती आणि ती रेडिओवरून देशभर ऐकली जात होती. आडेनाउअर यांच्या मंत्रिमंडळात पूर्वी बसलेले दोघे, थोमास डेलर आणि हाइनेमान, एकामागून एक उभे राहिले आणि जर्मन एकीकरणाच्या संधी आडेनाउअर यांनी दवडल्या असा त्यांनी थेट आरोप केला. ख्रिस्ती धर्माला साम्यवादविरोधी युद्धाचे हत्यार बनवण्यास विरोध करताना हाइनेमान त्या रात्री म्हणाले की, ख्रिस्ताने कार्ल मार्क्सच्या विरोधात नव्हे, तर आपल्या सर्वांसाठी प्राण दिले. सभागृहात प्रचंड गदारोळ झाला.

न्यायमंत्री म्हणून त्यांनी कोणते कायदे बदलले?

डिसेंबर १९६६ मध्ये सीडीयू आणि एसपीडी यांचे संयुक्त सरकार आले. कुर्ट गेओर्ग कीसिंगर चान्सलर झाले आणि हाइनेमान न्यायमंत्री. मार्च १९६९ पर्यंतच्या सव्वादोन वर्षांत त्यांच्या खात्याने जे काम हाती घेतले, त्यातील काही कायदे त्यांनी पद सोडल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी संमत झाले. तरीही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात आणि ते योग्यच आहे.

राजकीय गुन्ह्यांविषयीच्या तरतुदी १९६८ मध्ये बऱ्याच सौम्य करण्यात आल्या आणि त्याला जोडून माफीचा कायदाही आला. त्याच वर्षी नव्या नावाने कम्युनिस्ट पक्ष कायदेशीरपणे स्थापन होऊ शकला. १९६९ च्या पहिल्या फौजदारी कायदा सुधारणेने साधा कारावास आणि कलंकित करणारा सक्त कारावास हा जुना भेद संपवून एकच कारावास ठेवला, थोड्या दिवसांच्या कैदेऐवजी शक्य तेथे दंडाला प्राधान्य दिले आणि व्यभिचार हा गुन्हा राहिला नाही. प्रौढ पुरुषांमधील समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम १७५ हे १८७० च्या दशकापासून चालत आले होते आणि नाझींनी १९३५ मध्ये ते अधिक कठोर केले होते. पश्चिम जर्मनीने तो कठोर मजकूर जसाच्या तसा चालू ठेवला आणि हजारो पुरुषांना शिक्षा ठोठावल्या. १ सप्टेंबर १९६९ पासून एकवीस वर्षांवरील पुरुषांसाठी हा गुन्हा उरला नाही; कलम पूर्णपणे रद्द व्हायला १९९४ साल उजाडले.

मला स्वतःला सर्वांत हृदयस्पर्शी वाटते ती अनौरस मुलांच्या हक्कांची सुधारणा. १९०० सालापासून लागू असलेल्या जर्मन नागरी संहितेत असे एक वाक्य होते की, अनौरस मूल आणि त्याचा पिता हे एकमेकांचे नातेवाईक मानले जाणार नाहीत. रक्ताचे नाते कायद्याने एका ओळीत पुसून टाकले होते. १९४९ च्या राज्यघटनेने अशा मुलांना समान संधी देण्याची आज्ञा दिली असूनही वीस वर्षे कोणी हालले नाही. अखेर जानेवारी १९६९ मध्ये घटनात्मक न्यायालयाने संसदेला मुदत घालून दिली. हाइनेमान यांच्या खात्यात मसुदा आधीच तयार होत होता. कायदा १९६९ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९७० पासून लागू झाला. वारसाहक्कातील पूर्ण समानता मात्र १९९० च्या दशकातच आली.

त्यांच्या मंत्रिपदाच्या काळातील सर्वांत मोठी चूक कोणती?

मे १९६८ मध्ये किरकोळ नियमभंगांविषयीच्या कायद्याला जोडून एक पूरक कायदा संमत झाला. रहदारीचे दंड वगैरेंशी संबंधित, कंटाळवाणा वाटणारा हा मजकूर होता. त्यात दंडसंहितेच्या एका पोटकलमाची शब्दरचना बदलली गेली. परिणाम असा झाला की, खुनात साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा हेतू नीच होता हे सिद्ध न झाल्यास त्याची शिक्षा सक्तीने कमी करावी लागे, आणि शिक्षा कमी झाली की त्या गुन्ह्यासाठी खटला भरण्याची मुदतही कमी होई. ती मुदत तर १९६० मध्येच संपलेली होती. मे १९६९ मध्ये संघीय सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ मान्य केला आणि कचेरीत बसून नाझी हत्याकांडाचे नियोजन करणाऱ्या अनेक अधिकाऱ्यांविरुद्धचे, विशेषतः बर्लिनमध्ये चाललेले राइख सुरक्षा मुख्य कार्यालयाविषयीचे (नाझी पोलीस व गुप्तचर यंत्रणेचे हे केंद्र), तपास कोसळले.

खात्यात या कामाची धुरा एडुआर्ड ड्रेहर यांच्याकडे होती, आणि ते नाझी काळात इन्सब्रुकच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते. हा बदल हेतुपुरस्सर केला गेला की नजरचुकीने, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. संसदेत कोणाच्याही ते लक्षात आले नाही, मंत्र्यांच्याही नाही. हाइनेमान यांच्याविषयी आदर असणाऱ्यांनी हे प्रकरण कधीही झाकू नये. त्यांच्या खात्यात जुन्या राजवटीतील माणसे निर्धास्तपणे काम करीत होती, आणि त्याची किंमत बळींच्या कुटुंबांनी मोजली.

तीन बोटांचा दाखला त्यांनी कधी दिला होता?

११ एप्रिल १९६८ रोजी विद्यार्थी नेते रूडी डुचके यांच्यावर बर्लिनमध्ये गोळ्या झाडण्यात आल्या आणि ईस्टरच्या सुटीत अनेक शहरांत उग्र निदर्शने झाली. १४ एप्रिलला न्यायमंत्री हाइनेमान यांनी देशाला उद्देशून छोटेसे भाषण केले. जो दुसऱ्याकडे आरोपाची तर्जनी रोखतो, त्याने हे लक्षात ठेवावे की त्याच हाताची तीन बोटे त्याच्या स्वतःकडे वळलेली असतात, असे ते म्हणाले. हिंसेला त्यांनी पाठीशी घातले नाही. परंतु राज्यघटना ही प्रस्थापितांनाही बांधून ठेवते, हे त्यांनी तरुणांइतकेच वडीलधाऱ्यांनाही सुनावले. एका मंत्र्याच्या तोंडून असे ऐकण्याची त्या देशाला सवय नव्हती.

१९६९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक इतकी गाजली का?

जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष, आपल्याकडील राष्ट्रपतींप्रमाणेच, थेट जनतेकडून निवडले जात नाहीत. बुंडेस्टागचे सदस्य आणि राज्यांनी पाठवलेले तितकेच प्रतिनिधी मिळून एक संघीय सभा भरते. ५ मार्च १९६९ रोजी ती पश्चिम बर्लिनमध्ये भरली. पहिल्या फेरीत हाइनेमान यांना ५१४ मते मिळाली, परंतु निर्भेळ बहुमत कोणालाच नव्हते. दुसऱ्या फेरीतही तेच घडले. तिसऱ्या फेरीत ५१२ विरुद्ध ५०६ अशा मतांनी ते विजयी झाले. प्रतिस्पर्धी होते सीडीयूचे संरक्षणमंत्री गेर्हार्ड श्र्योडर. अतिउजव्या एनपीडी पक्षाच्या २२ प्रतिनिधींचा कल श्र्योडर यांच्याकडे होता. निर्णायक ठरले ते वाल्टर शील यांच्या नेतृत्वाखालील उदारमतवादी एफडीपी पक्षाचे मतदान. या पक्षाने एसपीडीला दिलेला हात पाहून सत्तांतराची चाहूल सर्वांना लागली. ‘हा सत्तांतराचाच एक भाग आहे’ असे हाइनेमान यांनी मुलाखतीत म्हटले आणि त्यावर टीकाही झाली. परंतु त्याच वर्षीच्या शरद ऋतूत एसपीडीचे विली ब्रांट खरोखरच चान्सलर झाले. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांच्यानंतर या सर्वोच्च पदावर आलेले हाइनेमान हे पहिले सोशल डेमोक्रॅट.

हे गेर्हार्ड श्र्योडर म्हणजे नंतरचे चान्सलर का?

नाही. नाव एक आणि व्यवसायही वकिलीचाच, म्हणून घोटाळा होतो. १९६९ चे उमेदवार सीडीयूचे होते. १९९८ ते २००५ या काळातील चान्सलर एसपीडीचे.

राष्ट्राध्यक्षपद बहुतांशी शोभेचे असते. मग त्यांनी वेगळे काय केले?

वकील म्हणून त्यांनी प्रथम त्या पदाचे कायदेशीर कर्तव्य गंभीरपणे घेतले. संसदेने संमत केलेला कायदा घटनेला धरून आहे का, हे सही करण्यापूर्वी ते पाहत. ‘अभियंता’ आणि ‘वास्तुविशारद’ या व्यावसायिक पदनामांचे संरक्षण करणारे दोन कायदे, तो अधिकार संघराज्याचा नाही या कारणावरून, त्यांनी सही न करता परत पाठवले. सप्टेंबर १९७२ मध्ये ब्रांट यांनी विश्वासदर्शक ठराव जाणीवपूर्वक गमावला, तेव्हा घटनेच्या ६८ व्या कलमानुसार हाइनेमान यांनी बुंडेस्टाग विसर्जित केले. पश्चिम जर्मनीच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते.

पदाचा दिखाऊपणा त्यांनी कमी केला. नववर्षाच्या स्वागत समारंभाला राजदूत आणि मंत्री यांच्याबरोबर परिचारिका, अपंग आणि सर्वसामान्य कामे करणारे नागरिक यांना बोलावण्याची प्रथा त्यांनी पाडली. ‘नागरिकांचा राष्ट्राध्यक्ष’ असे त्यांना म्हटले जाई. पदग्रहणाच्या भाषणात त्यांनी सांगितले की, कसोटीचा प्रसंग म्हणजे युद्ध, असे आपल्याला शिकवले गेले. खरी कसोटी शांतता ही आहे. त्यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये शांतता व संघर्ष संशोधनासाठी एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नोव्हेंबर १९६९ मध्ये पहिल्या राजकीय भेटीसाठी त्यांनी नेदरलँड्सची निवड केली. जर्मन ताब्याच्या आठवणी तेथे ताज्या होत्या. ॲमस्टरडॅममध्ये ज्या नाट्यगृहात ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्यापूर्वी डांबले गेले होते, तेथे जाऊन त्यांनी आदरांजली वाहिली.

इतिहासाविषयी त्यांचा आग्रह सर्वाधिक होता. जर्मनांनी लोकशाही विजेत्यांकडून उसनी घेतली हे त्यांना मान्य नव्हते. शेतकऱ्यांच्या उठावापासून १८४८ पर्यंत स्वातंत्र्यासाठी लढलेली माणसे शाळेच्या पुस्तकांतून गायब केली गेली आहेत, असे ते म्हणत. जानेवारी १९७१ मध्ये बिस्मार्कच्या साम्राज्याच्या शताब्दीनिमित्त त्यांनी गौरवपर भाषण करण्याऐवजी, ते साम्राज्य उभारताना लोकशाहीवाद्यांना कसे बाजूला सारले गेले याची आठवण करून दिली; अनेक जण दुखावले गेले. १९७३ मध्ये उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांच्या साहाय्याने त्यांनी शालेय विद्यार्थ्यांसाठी इतिहास संशोधनाची स्पर्धा सुरू केली. ती आजही चालते. कार्यकाळ संपण्याच्या चार दिवस आधी, २६ जून १९७४ रोजी, राश्टाट येथील किल्ल्यात जर्मन स्वातंत्र्य चळवळींचे स्मृतिसंग्रहालय त्यांच्या हस्ते सुरू झाले. १८४९ ची क्रांती जेथे शेवटी चिरडली गेली, तीच ही जागा.

‘मी राज्यावर प्रेम करत नाही’ असे ते खरेच म्हणाले होते का?

होय. या राज्यावर तुमचे प्रेम नाही का, असे विचारले असता, आपण राज्यांवर प्रेम करत नाही, आपल्या पत्नीवर करतो, असे त्यांनी उत्तर दिले. याचा अर्थ देशाविषयी बेपर्वाई असा लावणे चुकीचे आहे. ‘काही मातृभूमी अवघड असतात, जर्मनी त्यांपैकी एक आहे, पण ती आपली आहे’, असा त्यांच्या पदग्रहणाच्या भाषणाचा आशय होता.

त्यांनी दुसरा कार्यकाळ का घेतला नाही? कुटुंबातील कोणी राजकारणात आहे का?

वय आणि प्रकृती यांमुळे त्यांनी पुन्हा उभे राहण्यास नकार दिला आणि वाल्टर शील त्यांचे उत्तराधिकारी झाले. निरोपाच्या वेळी होणारी लष्करी मानवंदना नाकारून त्यांनी पाहुण्यांसह ऱ्हाइन नदीत नौकाविहार केला.

त्यांची कन्या उटा रांके-हाइनेमान कॅथलिक धर्मशास्त्राच्या नामवंत प्राध्यापक होत्या. नातीचा विवाह योहानेस राउ यांच्याशी झाला. १९९९ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत राउ विजयी झाले आणि त्यांच्याविरुद्धच्या उमेदवारांमध्ये उटा होत्या.

उलरीके माइनहोफ यांच्याशी त्यांचा काय संबंध होता?

१९६१ मध्ये ‘कोंक्रेट’ या नियतकालिकात तरुण पत्रकार माइनहोफ यांनी संरक्षणमंत्री फ्रान्स योझेफ श्ट्राउस यांच्यावर जळजळीत लेख लिहिला. आज आपण आईवडिलांना हिटलरविषयी प्रश्न विचारतो, तसे उद्या आपल्याला श्ट्राउस यांच्याविषयी विचारले जाईल, असा त्याचा रोख होता. श्ट्राउस यांनी बदनामीची फिर्याद केली. माइनहोफ यांच्या बाजूने वकील म्हणून हाइनेमान उभे राहिले आणि प्रकरण मुख्य सुनावणीपर्यंत गेलेच नाही.

पुढे माइनहोफ सशस्त्र ‘रेड आर्मी फॅक्शन’मध्ये गेल्या, १९७२ मध्ये पकडल्या गेल्या आणि तुरुंगातील कैद्यांनी सामूहिक उपोषण सुरू केले. नोव्हेंबर १९७४ मध्ये होल्गर माइन्स या कैद्याचा त्यात मृत्यू झाला. डिसेंबरमध्ये माजी राष्ट्राध्यक्षांनी आपल्या जुन्या अशिलाला पत्र लिहून उपोषण सोडण्याची विनंती केली. दहशतवाद्याला पत्र कशाला, अशी टीका त्यांच्यावर झाली. माइनहोफ यांनी विनंती मानली नाही. उपोषण फेब्रुवारी १९७५ पर्यंत चालले. ९ मे १९७६ रोजी श्टामहाइमच्या तुरुंगात त्या मृतावस्थेत आढळल्या. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हाइनेमान यांचेही एसेनमध्ये निधन झाले.